चंद्रीची कॅसेट

"पुसलेलं परत येतंय का?"

लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात हा प्रश्न जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा कुणी माझी खुशालीही विचारली नसेल. विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असायचे. फौंड्रीवाले असायचे, प्राध्यापक असायचे, एकदा तर एक ज्योतिषीबुवा आले होते, ज्यांना स्वतःची कॅसेट पुसली जाणार हे आधी कळलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना एकच. पण ते "नाही" तोंडातून काढायची सवय मला शेवटपर्यंत लागली नाही. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी काही "नाही" अजून घशात अडकल्यासारखी वाटतात. त्यातलं एक आज सांगतो.

आधी धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना तो खोटा वाटेल. मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. मग टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले आणि ऐंशीच्या पुढे कधीतरी आखातातून सुट्टीवर येणाऱ्या जावयांच्या पेट्यांतून घरगुती कॉम्प्युटर कोल्हापुरात उतरायला लागले. जाडजूड पाटीएवढं यंत्र, वर बटणं, मागे वायरी. ते टीव्हीला जोडायचं. त्याच्या पोटात स्वतःचं असं काही टिकत नसे. लाईट गेली की सगळं विसरलं, आणि लाईट आपली जायचीच. म्हणून जे ठेवायचं ते साध्या, गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं. टेपला वायर जोडायची, रेकॉर्डचं बटण दाबायचं, की कॉम्प्युटर आपलं सगळं ज्ञान त्या फितीवर किंचाळून ओतायचा. ती कॅसेट नुसती लावून ऐकली तर कर्कश किर्रर्र असा आवाज यायचा, रातकिड्यांना माईक दिल्यासारखा.

चांगल्या कोऱ्या कॅसेटी मात्र मिळायच्या नाहीत. मिळाल्या तर परवडायच्या नाहीत आणि स्वस्तातली कॅसेट हे यंत्र मान्य करायचं नाही. त्यामुळे यंत्र घरी आलं, की दोनचार महिन्यांत गिऱ्हाईक माझ्या दारात हजर. "जागा संपली हो. काहीतरी मोकळं करून द्या." मग घरात असतील नसतील त्या कॅसेटींची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी व्हायची. कुठली ठेवायची, कुठली पुसायची हे ठरवायचं काम माझं. म्हणजे लोकांच्या घरातला पसारा आवरायचं काम, फक्त तो पसारा कानांनी आवरायचा.

माझा एक नियम होता. आधी ऐका, मग पुसा. लेबलावर काहीही लिहिलेलं असो, कॅसेट शेवटपर्यंत मालकाला ऐकवल्याशिवाय मी पुसायला देत नसे. लोक वैतागायचे. कबनूरचे एक यंत्रमागवाले शेठ कापडाची डिझाइनं साठवायला जागा हवी म्हणून स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. "पुसा की बिनधास्त, कोण ऐकतंय आता?" मी जबरदस्तीनं बसवून ऐकवली. मेहुण्याचं भाषण लागलं तसे ते म्हणाले, "एवढं आधी पुसा." मग सनई लागली. ती संपली तसे शेठ कॅसेट पिशवीत टाकून निघून गेले, डिझाइनांचं नावही काढलं नाही. गगनबावड्याचे एक डॉक्टर होते. तिथल्या पावसात त्यांच्या कॅसेटींना बुरशी यायची, म्हणून ते त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. त्यांच्या कॅसेटी मी वाळवून ऐकल्या आहेत. मला या कामाचा अभिमान होता, नाही म्हणत नाही.

तर विलास. गंगावेशीकडच्या गवळी घरातला धाकटा मुलगा. साखर कारखान्यात कारकून होता आणि त्याला आकड्यांचा भारी नाद. मस्कतच्या मेहुण्यानं आणलेला कॉम्प्युटर त्यानं घरी मांडला होता आणि कुठल्या म्हशीला किती पेंड, कुणाचं दूध कधी वाढलं, कधी आटलं, याचे प्रोग्रॅम तो स्वतः लिहायचा. त्याचे वडील अण्णा यांना हे सगळं थोतांड वाटायचं. "म्हशीला हात लावला की कळतंय रं सगळं. ही पेटी कुणाला इचारून सांगतीया?" असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे, कारण विलासला पेटीच्या नादी लावणारा मी, असा त्यांचा समज होता.

अण्णांची एक म्हैस होती, चंद्री. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. पहिल्या वेताचं रेडकू जन्मलं तसंच दगावलं आणि रेडकू नसलेली म्हैस पान्हा सोडत नाही. धार काढायला बसलं तर दूध वर चोरून धरते. अण्णांनी तिला आवाजाची सवय लावली. बसल्यावर तिच्याशी बोलत राहायचे, "ये गं चंद्रे, ये… हां, हां… सोड गं बाई माझी, सोड…" असं लहान पोराला निजवल्यासारखं. मग ती डोळे मिटायची आणि पान्हा सुटायचा. नंतरच्या वेतांनाही तिनं रेडकाआधी अण्णांनाच मानलं. दुसऱ्या कुणाच्या आवाजाला ती दाद देत नसे.

आणि अण्णांच्या गळ्याचं दुखणं निघालं. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही.

विलास माझ्याकडे आला तेव्हा घरच्यांचं काय ठरलंय ते मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "अण्णांचा आवाज भरून घ्यायचाय. चंद्रीसाठी." शेवटचं "चंद्रीसाठी" त्यानं जरा घाईनं म्हटलं. मी माझा चांगला टेप घेऊन सकाळच्या धारेला त्यांच्या गोठ्यात गेलो. अण्णांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "तुमची पेटी म्हशीला फसवंल व्हय पावणं?"

"बघू या की अण्णा."

"फसवूनशान बघा. मला न्हाय फसवता येत तिला."

पण ते बसले आणि बोलायला लागले. तोवर आवाज घोगरा झाला होता, तरी चंद्रीपुढे तो मऊ व्हायचा. मी माईक गव्हाणीपाशी धरून उभा राहिलो. धार संपेपर्यंत ते बोलत होते. मग दुधाची चरवी उचलून उभे राहिले, मी अजून बटण बंद केलं नव्हतं आणि त्यांनी घराकडे तोंड करून रोजच्यासारखी हाक दिली, "अगं, चहा टाकलाईस का?" आतून आक्कांचा आवाज आला, "टाकलाय की, या." आक्का म्हणजे अण्णांची बायको. मग मी बटण बंद केलं.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी कान असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर कुणालाही नवं काही भरता येत नाही, टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जपायची कॅसेट असली की कान मोडायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला तसा आक्कांनी माझा हात धरला.

"काय करालाईस?"

मी समजावून सांगितलं.

"नगं. उद्या तेंच्या गळ्याला कापणार हाईत. आज हेचं काय मोडायचं न्हाय."

मी दोनदा सांगून पाहिलं. आक्कांचं एकच, "मोडायचं न्हाय." त्या घरात उद्याच्या दिवसाची जी भीती पसरली होती, तिच्यापुढे माझं तंत्रज्ञान काय बोलणार? मी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. नक्कल काढून ठेवू, असंही ठरलं होतं. पण नकलेला कोरी कॅसेट लागते आणि त्या घरात कोरी कॅसेट आली की विलासचं मशीन तिला आधी खायचं.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा घरी आले, गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथूनच चालायचा, शीळ घातल्यासारखा. बरं वाटल्यावर ते एकदा गोठ्यात गेले. तो शिळेसारखा आवाज ऐकून चंद्रीनं कान टवकारले आणि ती दावं ताणून मागे सरली. त्यानंतर अण्णा गोठ्यात गेले नाहीत. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर बसून राहायचे. काही हवं असलं तर खाटेच्या लोखंडी दांडीवर पितळी भांडं वाजवायचे. चहासाठी दोनदा.

मग सुनीतानं, म्हणजे विलासच्या बायकोनं, गोठ्यात टेप लावून धार काढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. "ये गं चंद्रे, ये…" असं टेपमधून आलं, चंद्रीनं मान वळवून टेपकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि पान्हा सुटला. अण्णा खोलीच्या खिडकीतून पाहत होते. म्हैस फसली याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण खरी गंमत पुढं होती. धार संपत आली की टेपमधले अण्णा म्हणायचे, "अगं, चहा टाकलाईस का?" आणि आक्का नेमक्या त्याच वेळी वाफाळलेला चहा घेऊन खोलीत शिरायच्या. आपल्याच आवाजानं मागितलेला चहा अण्णा खाटेवर बसून प्यायचे. धारेच्या वेळचं भांडं वाजवणं थांबलं. सासूबद्दल सुनीता मला हसून म्हणाली होती, "दादा, आत्याबाई धारंच्या येळंला सोप्यात येऊन बसत्यात बघा. दूध किती निघालं ते कधी इचारत न्हाईत." मी तेव्हा त्यावर फार विचार केला नाही. आज वाटतं, म्हैस हे त्या घराला सापडलेलं एक निमित्त होतं.

असं वर्षभर चाललं. कॅसेट रोज दोनदा वाजत होती.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. गवळ्याच्या घरात चरव्या, दावी, विळे, कडबा तोडायचा अडकित्ता. विलासच्या घरात त्या वर्षी कॉम्प्युटरही मांडला होता आणि त्याच्या कॅसेटीही. सकाळची धार झाल्यावर आक्कांनी गोठ्यातला टेप फडक्यानं पुसून आणून पाटावर ठेवला. आतली कॅसेट काढून तीही ठेवली, का, तर एवढं वर्ष तिनंच घर चालवलं होतं. सगळ्यांना झेंडू वाहिले आणि ओल्या हळदकुंकवाची बोटं लावली, भरपूर, मनापासून. कॅसेटींच्या लेबलांवरची शाई त्या ओल्या बोटांखाली गेली. पाटावरच्या सगळ्या कॅसेटी एकसारख्या लाल-पिवळ्या दिसायला लागल्या. संध्याकाळच्या धारेला टेप लागणार, म्हणून आक्कांनी दुपारीच पूजा हलवली. टेप गोठ्यात गेला, त्याच्याबरोबर एक कॅसेट गेली. बाकीच्या विलासच्या टेबलावर गेल्या.

विलासला नवा प्रोग्रॅम त्याच दिवशी साठवायचा होता, पूजेचा मुहूर्त म्हणून. जागा असलेली एकच कॅसेट त्याच्याकडे होती. ती समजून त्यानं दुसरीच उचलली. ऐकून पाहिली नाही. ऐकायचं तर टेपची वायर काढावी लागते, कारण वायर जोडली की टेपचा स्पीकर मुका होतो. आणि कुठलीही गोष्ट दोनदा साठवायची, एक बिघडली तर दुसरी असावी, ही शिकवण माझीच. त्यानं ती पाळली. एकदाच साठवलं असतं तर अण्णांचं अर्धं बोलणं तरी राहिलं असतं.

संध्याकाळी सुनीतानं गोठ्यात बटण दाबलं आणि टेपमधून कॉम्प्युटर किंचाळला. चंद्रीनं चरवी लाथाडली, दावं तोडलं आणि शेजारच्या म्हशी हंबरायला लागल्या. विलास धावत घरात गेला, टेबलावरची कॅसेट आणली, लावली. तीही किंचाळली.

तो लूनावरून माझ्याकडे आला तेव्हा माझीही हत्यारं पाटावर होती, कुंकू लावलेली. बायको म्हणाली, "उद्यापर्यंत हात लावायचा नाही." मी रिकाम्या हातांनी गेलो. हत्यार घेऊन तरी काय करणार होतो?

चंद्रीला पुन्हा बांधलं होतं. सगळे सोप्यात जमले होते. अण्णा खाट सोडून उंबऱ्यात येऊन बसले होते. मी कॅसेट पहिल्यापासून लावली आणि कान लावून बसलो. किर्रर्र. मग थोडी शांतता, पुन्हा किर्रर्र. मध्येच कुठे "हां, हां" उरलं असेल म्हणून मी आवाज मोठा केला. विलास भिंतीकडे तोंड करून उभा होता. दुसरी किंचाळी बराच वेळ चालली आणि तुटली. खरखर झाली. आणि टेपमधून आक्कांचा आवाज आला, "टाकलाय की, या."

त्यानंतर काही नव्हतं.

अण्णांनी हात उचलून बोट गोल फिरवलं, म्हणजे परत लाव. मी परत लावली. "टाकलाय की, या." विचारणारा पुसला गेला होता आणि उत्तर तेवढं शिल्लक होतं.

आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. "आणि तेंचं?"

"नाही, आक्का."

"तुझ्या दुकानात मोठं मशीन असंल की."

"असलं तरी नाही येत."

"पुसल्यालं येतच न्हाय?"

"येत नाही."

विलास म्हणाला, "माझ्या हातनं झालं." आक्का आपली बोटं बघत म्हणाल्या, "हळदकुंकू मीच लावलं."

मला तेव्हा रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लोकांची जागा मोकळी करून देण्यात माझं आयुष्य गेलं. पण मोकळी झालेली जागा कशी असते, ते मी त्या संध्याकाळी त्या सोप्यात बसून पाहिलं.

चंद्रीनं काही दिवस दूध चोरलं. मग सुनीतानं स्वतःच अण्णांच्या चालीत बोलायला सुरुवात केली. वर्षभर रोज दोनदा ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं, "सोड गं बाई माझी" इथला हेलसुद्धा. म्हशीनं आधी मान झटकली, मग ऐकलं आणि एके सकाळी सोडला पान्हा. दिवाळीपर्यंत ती सुनीताची झाली होती. विलासनं मशीन गुंडाळून माळ्यावर टाकलं. मी सांगून पाहिलं, यंत्राचा काय दोष. तो म्हणाला, "दोष कुणाचाच न्हाई वो. पण जागा लई झाली आता."

दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी सजवून काढतात. अण्णांनी मला बोलावणं धाडलं होतं. चंद्रीची शिंगं रंगवली होती, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. गल्लीत पोरं फटफटी काढून म्हशी पळवत होती, सायलेन्सर काढल्यामुळे कान बधिर झाले होते. अण्णा खोलीसमोर खाट टाकून बसले होते आणि चंद्री पुढून गेली तेव्हा त्यांनी हात उचलला. ती थांबली नाही.

आक्कांनी मला आत चुलीपाशी बोलावलं. पदराखालून कॅसेट काढली. तिच्यावरचं हळदकुंकू वाळून भुरभुरत होतं.

"हेचा कान मोड."

मी म्हटलं, "आक्का, यात आता अण्णांचं काही नाही. तुमचाच आवाज आहे, तोही एवढासा."

"असू दे. तेवढं तरी कुणी पुसाय नगं."

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. कान कट्‌कन मोडून माझ्या तळहातावर पडला. आक्कांनी तो उचलला, पाहिला आणि कॅसेटबरोबर पदरात बांधला.

बाहेर खाटेच्या दांडीवर भांडं दोनदा वाजलं. फटफट्यांच्या आवाजात ते मला जेमतेम ऐकू आलं. आक्कांनी मात्र ऐकलं. चुलीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "टाकलाय की, या."